नागपूरचं सांडपाणी कोराडीला जातं, मग पुढचा टप्पा कसा आखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेंच (शहराला पाणी देणारं धरण), नाग नदी आणि भांडेवाडी (सांडपाणी शुद्ध करण्याची जागा) हे तीन शब्द निघाले की वस्तीतल्या कुठल्याही बैठकीत तेच तेच प्रश्न येतात. प्रश्न अगदी रास्त असतात, उत्तरं मात्र अर्धवट मिळतात. एकदा सगळं सलग लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप. आकडे जिथे ढोबळ आहेत तिथे तसं म्हटलं आहे.

सांडपाणी शुद्ध करून वीजकेंद्राला देतात, म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या मोरीतलं, न्हाणीतलं, संडासातलं पाणी गटारवाहिन्यांतून शहराच्या पूर्वेला भांडेवाडीकडे उतरतं. तिथे ते शुद्ध होतं आणि नळानं शहर ओलांडून उत्तरेला कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रात जातं.

अशा केंद्रात एकदा तरी जाऊन या. पहिल्या जाळीपाशी उभं राहिलं की शहराची सगळी सवय डोळ्यांसमोर येते : शाम्पूच्या पुड्या, खर्र्याच्या पन्न्या, चिंध्या, निर्माल्यातला झेंडू. जाळी, वाळूची टाकी, मग हवा सोडलेल्या मोठमोठ्या टाक्या. तिथे पाणी चहासारखं तपकिरी दिसतं आणि खळखळत असतं. ही हवा असते जिवाणूंसाठी. ते घाण खातात, वाढतात आणि हवा थांबवली की गाळ होऊन तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी अलगद काढून गाळतात, त्यात क्लोरीन देतात. शेवटी काचेच्या चंचुपात्रात ते पाणी हातात दिलं तेव्हा मला किंचित पिवळसर झाक दिसली आणि ओल्या मातीसारखा वास आला. बाकी काही नाही. जाळीपासून त्या चंचुपात्रापर्यंत दहा मिनिटं चाललो असेन.

वीजकेंद्राला एवढं पाणी कशाला लागतं?

आपल्या घरच्या कूलरला लागतं त्याच कारणासाठी. ताट्यांवरून पाणी ओघळतं, थोडं वाफ होऊन उडून जातं आणि उरलेलं थंड होतं. केंद्रातले शीतकरण मनोरे म्हणजे प्रचंड मोठे कूलर समजा. कोराडीतले नवे संच ६६० मेगावॅटचे तीन, मिळून १,९८० मेगावॅट. एका मेगावॅट-तासाला तीन घनमीटर पाणी धरलं आणि संच पूर्ण भारानं चालले, तर रोज १४० एमएलडीच्या आसपास पाणी लागतं. एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर.

मे महिन्याच्या अखेरीस कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो, तो पाण्यातल्या क्षारांचा. मनोऱ्यांतही तसंच होतं, म्हणून वीजकेंद्राला पाणी नुसतं स्वच्छ असून भागत नाही. फॉस्फेट जास्त असेल तर थर चढतो, अमोनिया असेल तर तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या खराब होतात. करारात 'शुद्ध पाणी' एवढंच लिहून चालत नाही, घटकवार मर्यादा लिहाव्या लागतात.

हे पाणी आमच्या नळात येतं का?

नाही. वाहिनी वेगळी आहे आणि ती थेट वीजकेंद्राकडे जाते. नामिबियातल्या विंडहोक शहरात १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरलं जातं आणि सिंगापूरनं २००३ मध्ये 'न्यूवॉटर' आणलं. नागपूरचा विषय मात्र कूलरच्या पाण्याचा आहे.

पहिल्या प्रकल्पात कोणी किती पैसे घातले?

नागपूरची खरी कमाई यंत्रांपेक्षा या वाटणीत आहे, म्हणून थोडं सविस्तर.

भांडेवाडीचा १३० एमएलडीचा प्रकल्प महानगरपालिका आणि महानिर्मिती (राज्य सरकारची वीजनिर्मिती कंपनी) यांच्या करारातून उभा राहिला. भांडवली खर्च सुमारे १९५ कोटी. त्यातले ९० कोटींच्या आसपास केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून महापालिकेमार्फत आले आणि बाकीचे महानिर्मितीनं घातले. केंद्र बांधणं आणि चालवणं हेही महानिर्मितीकडेच. महापालिकेनं जागा दिली, रोज ११० एमएलडी कच्चं सांडपाणी देण्याची हमी दिली आणि त्याबदल्यात वर्षाला १५ कोटी रुपये मिळतील असं ठरलं. भागाकार करून पाहा, हजार लिटर कच्च्या सांडपाण्याला पावणेचार रुपयांच्या आत-बाहेर दर पडतो. जे पाणी आजवर नाग नदीत फुकट सोडलं जात होतं, त्याचे हे पैसे. प्रकल्प २०१५ च्या सुमारास सुरू झाला.

महापालिकेला केंद्र चालवण्याचा रोजचा खर्च पडत नाही आणि महानिर्मितीला पावसावर अवलंबून नसलेलं पाणी मिळतं. गरज ज्याची, त्यानंच केंद्र चालवायचं, म्हणून ते चालतं. आपल्या राज्यात अनुदानातून बांधलेली आणि मग वीजबिल परवडत नाही म्हणून अर्धी चालणारी केंद्रं थोडी नाहीत.

दुसरा प्रकल्पही तसाच आहे का?

नाही. भांडेवाडीत आधी १०० एमएलडीचं जुनं केंद्र होतं. त्या जागी खासगी भागीदारीत २०० एमएलडीचं केंद्र उभं राहिलं. इथे गुंतवणूकदार दीर्घ मुदतीच्या करारावर केंद्र चालवतो आणि शुद्ध केलेलं पाणी वीजकेंद्रांना विकलं जातं. दोन्ही मिळून क्षमता ३३० एमएलडी. देशात इतकं सांडपाणी उद्योगाकडे वळवणारी शहरं हाताच्या बोटांवर मोजता येतील आणि याचा नागपूरकरांना अभिमान वाटायला हरकत नाही.

मग विस्तार कशाचा करायचा?

शहराला रोज साडेसहाशे एमएलडीच्या आसपास पाणी दिलं जातं असं धरा. नियोजनात त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं मानतात, म्हणजे सव्वापाचशेच्या घरात. त्यातून ३३० वजा केले तरी रोज दोनशेच्या जवळपास उरतं. लहान केंद्रं सोडली तर ते नाग आणि पिवळी नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेला, म्हणजे गोसीखुर्दच्या जलाशयाला मिळतं.

यासाठी नाग नदी प्रदूषण नियंत्रण प्रकल्पाला केंद्रानं मंजुरी दिलेली आहे. अंदाजित खर्च सुमारे १,९२७ कोटी, जपानच्या 'जायका' संस्थेचं कर्ज आणि केंद्र, राज्य, महापालिका अशी वाटणी. त्यात नवी केंद्रं आहेत, पण माझ्या मते खरं काम जमिनीखालच्या गटारवाहिन्यांचं आहे. नाल्यात सुटणारं पाणी वाहिनीत आलंच नाही तर केंद्र कितीही मोठं बांधा, ते उपाशीच राहणार.

हे एकट्या महापालिकेनं करावं. त्यात प्रादेशिक सहकार्य कशाला?

कारण यातलं काहीच महापालिकेच्या हद्दीत संपत नाही. पेंचचं पाणी मध्य प्रदेशातून येतं, ते सोडणं पाटबंधारे खात्याच्या हाती आहे. विकत घेणारी कोराडी, खापरखेडा आणि उद्या घेऊ शकेल ते मौदा, ही वीजकेंद्रं हद्दीबाहेर. उद्या घेऊ शकतील अशा बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहती एमआयडीसीच्या. बेसा, बेलतरोडीकडे झपाट्यानं उभ्या राहिलेल्या इमारती महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहेत आणि त्यांचं सांडपाणी उतारानं कुठे जायचं ते जातंच, हद्द विचारत नाही.

मौद्याचं उदाहरण घ्या. एनटीपीसीचं २,३२० मेगावॅटचं हे केंद्र गोसीखुर्दच्या जलाशयातून पाणी उचलतं. म्हणजे आपलं सांडपाणी आजही नदीवाटे त्याच जलाशयात जातं, पण वाटेत गावोगावच्या विहिरी आणि शेतं नासवून. भांडेवाडीहून शुद्ध पाणी नळानं मौद्याला नेणं म्हणजे त्याच पाण्याला सरळ आणि स्वच्छ रस्ता देणं. पण ती वाहिनी कोण टाकणार, जमीन कोण देणार, उपसण्याचं वीजबिल कोण भरणार? या प्रश्नांची उत्तरं एका संस्थेकडे नाहीत.

कायद्याचा रेटाही आहे. केंद्राच्या जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणानुसार प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्रांना शुद्ध केलेलं सांडपाणी वापरणं बंधनकारक आहे आणि त्याचा खर्च वीजदरात धरता येतो. म्हणजे नळाचा आणि उपशाचा खर्च शेवटी वीज वापरणारे सगळे मिळून उचलतात. मला हे न्याय्य वाटतं. वीज राज्यभर जाते आणि राख मात्र कोराडीच्या लोकांच्या दारात पडते.

पैसा कुठून कुठून उभा करता येतो?

चार-पाच वाटा आहेत. एकच धरून चालत नाही.

अनुदान ही पहिली. अमृत २.० ही योजना ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली. शहरांची २० टक्के आणि राज्यस्तरावर उद्योगांची ४० टक्के पाण्याची गरज पुनर्वापरातून भागवावी, हे तिचं उद्दिष्टच आहे. पण दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहराला त्यात केंद्राकडून प्रकल्पखर्चाच्या २५ टक्केच मिळतात. शिवाय अशा शहरांनी मिळणाऱ्या निधीतला किमान १० टक्के भाग खासगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी ठेवायचा असतो. उरलेले पैसे राज्यानं आणि महापालिकेनं उभे करायचे.

दुसरी वाट नमामि गंगेत रुळलेल्या संमिश्र वार्षिकी पद्धतीची. बांधकाम चालू असताना ठेकेदाराला खर्चाच्या ४० टक्के द्यायचे, उरलेले ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत देखभालीच्या पैशांसोबत हप्त्यानं आणि तेही केंद्र नीट चाललं तरच. यात बांधणाऱ्यालाच केंद्र चालवायचं असतं, म्हणून तो स्वस्त पंप बसवून पळून जात नाही.

तिसरी वाट रोख्यांची. गाझियाबाद महापालिकेनं २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित रोखे काढले ते नेमक्या याच कामासाठी, सांडपाणी शुद्ध करून साहिबाबादच्या कारखान्यांना देण्यासाठी. पुण्यानं २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले होते. रोखे काढायचे तर वह्या स्वच्छ लागतात, पतमानांकन लागतं. ही शिस्त कुठल्याही महापालिकेला लागली तर बरंच.

चौथी वाट परदेशी कर्जाची, जशी नाग नदीसाठी आहे. आणि पाचवी, जिच्यावर बाकीच्या चारही उभ्या राहतात : पाणी घेणाऱ्याचं पक्कं वचन. पंधरा-वीस वर्षं ठरलेलं पाणी ठरलेल्या दरानं घेणारा ग्राहक कागदावर असेल तर बँक दारात येते. नसेल तर मंजुरीपत्रं कपाटात पडून राहतात.

करारात कोणती कलमं नीट पाहावीत?

'घ्या किंवा पैसे भरा' हे पहिलं. पावसाळ्यात धरण भरलं की वीजकेंद्राला सांडपाण्याची गरज वाटेनाशी होते. तेव्हाही किमान रकमेची हमी हवी. त्याच्या उलट, शहरानं ठरलेलं पाणी दिलं नाही तर शहरालाही दंड हवा.

दुसरं, दरवाढीचं कलम वीजदराशी आणि महागाईशी बांधलेलं असावं. तीस वर्षांचा करार आणि पहिल्या वर्षीचाच दर, असं झालं तर नातवंडांच्या काळात आपण पाणी फुकट वाटत असू.

तिसऱ्याकडे कुणी पाहत नाही. सगळंच सांडपाणी बांधून देऊ नका. नदीला थोडं, शहरातल्या बागांना थोडं आणि उद्याच्या ग्राहकाला थोडं राखून ठेवा. औष्णिक केंद्रांचं आयुष्य २५–३० वर्षांचं. सौरऊर्जा वाढते आहे आणि कोळशाचे संच कमी भारानं चालू लागले की पाण्याची मागणीही उतरेल. त्या दिवशी बुटीबोरीकडे वळवता येईल अशी वाहिनी आजच आराखड्यात असली पाहिजे.

कोराडीनं सांडपाणी घेतलं, मग पेंचचं वाचलेलं पाणी आम्हाला मिळतं का?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच, आणि बैठकीत तो क्वचितच निघतो.

१३० एमएलडी म्हणजे माणशी १३५ लिटर धरलं तर साडेनऊ लाखांहून जास्त लोकांचं पाणी. वीजकेंद्रानं तेवढं पेंचचं पाणी सोडलं की ते कुणाच्या तरी वाट्याला जाणारच. शहराच्या नळाला? रामटेक, पारशिवनी, मौद्याच्या धानाला? की वीजकेंद्राच्याच नव्या संचांना? हे जर कुठेच लिहिलेलं नसेल, तर तिसरी शक्यता सर्वात जास्त. सांडपाणी आलं म्हणून नवे संच उभे राहतात आणि धरणावरचा भार आहे तेवढाच राहतो. शहरानं एवढा खटाटोप करून नव्या मागणीची सोय केली, असं व्हायला नको.

जुलै २०१९ आठवा. वर मध्य प्रदेशात पेंचवर चौराईचं धरण झालेलं, पेंचमध्ये येणारं पाणी आटलेलं, पावसानं दडी मारलेली. आठवड्यातले तीन दिवस नळ कोरडे. आमच्या गल्लीत लोकांनी अंगणात ड्रम मांडले होते आणि टँकर आला की म्हातारी माणसंही बादल्या घेऊन धावायची. त्या दिवसांत सगळ्यांना एकच हवं होतं, पेंचच्या थेंबाथेंबाचा हिशेब.

म्हणून पुढच्या टप्प्याच्या करारावर दोन सह्या पुरेशा नाहीत. तिसरी सही पाटबंधारे खात्याची हवी आणि त्यात लिहिलेलं हवं की अमुक दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाण्याचं वीजकेंद्राचं आरक्षण आजपासून कमी झालं, त्यातलं इतकं पिण्यासाठी आणि इतकं सिंचनासाठी. दरवर्षी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत तो आकडा वाचून दाखवला जावा.

सगळं सांडपाणी उचललं तर नदीकाठच्या शेतकऱ्यांचं काय?

कुही तालुक्यातल्या एका शेतकरी दादांनी हे मला तोंडावर विचारलं होतं. त्यांची वांगी, पालक, कोथिंबीर नाग नदीच्याच पाण्यावर. "पाणी घाण आहे हे आम्हाले कळते, पण उन्हाळ्यात दुसरं पाणी दाखवा," असं म्हणाले. पायांना खाज सुटते म्हणून गुडघ्यापर्यंत प्लास्टिक गुंडाळून ते मोटार चालू करतात.

नदीत घाण सोडत राहणं हे याचं उत्तर नाही आणि नदी कोरडी करणं तर नाहीच. प्रक्रिया केलेल्या पाण्याचा काही भाग नदीतच सोडायचा, तोही बारमाही आणि मोजून. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून मुळा-मुठेचं पाणी उचलून कालव्यावाटे शेतीला देण्याची व्यवस्था आहे. बंगळुरूचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी के. सी. व्हॅली योजनेतून कोलार जिल्ह्याच्या तलावांत सोडतात, क्षमता ४४० एमएलडी. तिथे २०१८ मध्ये तलावावर फेस आला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि पाण्याच्या दर्जावर बोट ठेवलं गेलं. म्हणजे शेतकऱ्याला द्यायचं पाणी कमी प्रतीचं असलं तरी चालेल, हा समज सोडावा लागेल. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये महानगरांच्या केंद्रांसाठी बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते याच्या मापाची) मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम ठेवली. नदीत सोडायच्या पाण्यालाही तीच लावा.

इतर शहरांकडून काय घ्यावं?

सुरतनं २०१४ पासून पांडेसराच्या कापड गिरण्यांना रोज ४० एमएलडी पाणी विकायला सुरुवात केली. एक मोठा ग्राहक नव्हता, अनेक लहान होते, तरी जमलं. चेन्नईनं २०१९ मध्ये प्रत्येकी ४५ एमएलडीची दोन केंद्रं उद्योगांसाठी काढली. आपल्याच राज्यात नवी मुंबईनं ऐरोली आणि कोपरखैरणेत प्रत्येकी २० एमएलडीची दोन केंद्रं बांधून एमआयडीसीमार्फत कारखान्यांना पाणी देण्याचा मार्ग धरला. बुटीबोरीसाठी मला हाच नमुना जवळचा वाटतो : शहरानं एमआयडीसीला घाऊक द्यायचं आणि दारोदार वाटणी व वसुली एमआयडीसीनं करायची.

आमची पाणीपट्टी वाढेल का?

या प्रकल्पामुळे वाढायचं कारण नाही, उलट उत्पन्न येतं. पण ते १५ कोटी सर्वसाधारण खात्यात पडले की रस्त्याच्या खडीत जातात. स्वतंत्र खातं करून ते फक्त गटारवाहिन्यांवर खर्च झाले तर वाढीव कर मागण्याची वेळ उशिरा येईल.

आमच्या सोसायटीत छोटं केंद्र आहे, ते बंद करून शहराच्या वाहिनीला जोडू का?

चालत असेल तर चालू ठेवा. बागेला आणि फ्लशला तेच पाणी वापरा. बंद पडलेलं असेल तर आधी हवेचा ब्लोअर तपासा, बहुतेक वेळा तोच वीजबिलासाठी बंद ठेवलेला असतो.

पुढच्या टप्प्याच्या जाहीर सुनावणीला गेलो तर काय मागायचं?

तीन कागद मागा. एक, रोज किती सांडपाणी केंद्रात आलं आणि किती शुद्ध पाणी बाहेर गेलं याच्या वर्षभराच्या नोंदी. दोन, तपासणीचे अहवाल, विशेषतः पावसाळ्यातले, कारण तेव्हा वाहिनीत पावसाचं पाणी घुसतं आणि जिवाणू धुऊन जातात. तीन, पेंचवरच्या आरक्षणाचा तक्ता, प्रकल्पाआधीचा आणि नंतरचा, शेजारीशेजारी.

आणि जाताना कुहीकडच्या दोन-चार शेतकऱ्यांना सोबत घेऊन जा. सुनावणी शहरात असते, बस सकाळी एकच असते आणि सूचना मराठी वर्तमानपत्रात आतल्या पानावर येते. त्यांच्यापर्यंत ती पोचवणारं कुणीतरी लागतं.